बाई विंगेत गेल्यावरचं गाणं

आमच्या ह्यांच्या सगळ्या गाण्यांना वारा मी घातलाय. चाली ह्यांच्या, बोटं ह्यांची, पण पेटीचा भाता मारायची मी. त्यामुळे ती गाणी मला गळ्यात येत नाहीत, पायात येतात. कोणी म्हटलं की आजी, एखादं म्हणून दाखवा, तर मला काही सुचत नाही. स्टुलावर बसवा, पायाखाली फळी द्या, मग आठवतं.

हातपेटी सगळ्यांनी बघितलेली असते. आमची पायपेटी. मोठी, कपाटासारखी, जमिनीवर उभी राहणारी. तिच्याखाली दोन फळ्या असतात. वाजवणाऱ्याने दोन्ही पायांनी आळीपाळीने फळ्या दाबायच्या, भाता भरायचा, आणि वर दोन्ही हातांनी वाजवायचं. पण ह्यांना दोन पाय नव्हते.

हे गिरणीत साच्यावर होते, म्हणजे मागावर. सुताने भरलेला बीम, म्हणजे भला जड रूळ, हातगाडीवरून घसरला आणि ह्यांच्या उजव्या पायावर आला. इस्पितळात गुडघ्याखाली कापला. मी तेव्हा मालवणकडच्या गावातून लग्न होऊन लालबागला येऊन वर्ष झालं नव्हतं, आणि लेकीच्या वेळचे नुकतेच दिवस गेले होते. खोलीत आणखी चार बिऱ्हाडांची माणसं. सगळे म्हणाले, हिला गावाला पाठवा, हिचं काय काम इथे. मी म्हटलं, जखम कोण धुणार?  मी राहिले.

गिरणीने ह्यांना गोदामात बसून करायचं काम दिलं. लाकडी पाय मिळाला. चालायला तो बरा होता, पण पायपेटीला चालेना. लाकडाला फळी कळत नाही, किती दाबली, कुठे सोडली. मग हे एकट्या डाव्या पायाने मारायचे, आणि गाणं लंगडायचं. ह्यांना त्याचा फार राग यायचा. पाय गेल्यावर रडले नाहीत, पण तालमीत एकदा पेटीवर डोकं टेकून बसलेले मी बघितलेत.

कामगारांची नाटकं असायची तेव्हा. तिन्ही पाळ्यांची माणसं, पाळी सुटली की तालमीला. नट गिरणीतले, लिहिणारा गिरणीतला, आणि गाण्यांच्या चाली ह्यांच्या. हँडबिलावर लेखकाचं नाव मोठं, दिग्दर्शकाचं त्याहून मोठं, आणि खाली बारीक अक्षरात, इतर साथ. त्या इतरमध्ये आम्ही.

नाटकात खलनायक व्हायचा तो गिरणीत फिटर होता. त्याने पेटीच्या खालच्या दोन्ही फळ्या काढून टाकल्या, भात्याला लोखंडी दांडा जोडला, तो डाव्या बाजूने बाहेर काढला आणि टोकाला एक रुंद फळी बसवली. आता बाजूला स्टूल टाकून दुसऱ्या कोणीही पाय मारावा. आधी एका नटाला बसवलं. त्याची एन्ट्री आली की तो उठून स्टेजवर जायचा आणि इकडे पेटी मरायची. दुसऱ्याला बसवलं, त्याचीही तीच गत. मग मला बसवलं. मला एन्ट्री नव्हती.

पेटी विंगेत असायची, पडद्याच्या आड. हे बसायचे ते स्टेजकडे तोंड करून, त्यांना नटाचं तोंड दिसायला हवं. मी बसायची ह्यांच्या डाव्या हाताला, माझं तोंड विंगेकडे. म्हणजे मी एवढी नाटकं केली, पण एकही समोरून बघितलं नाही. नट स्टेजवर जायच्या आधी काय करतात आणि परत आल्यावर काय करतात, एवढंच मला दिसायचं. मधलं ऐकू यायचं. हे कधीतरी हळूच म्हणायचे, "गो, वारो कमी पडता." की मी जोर लावायची. बाकी आमचं बोलणं नसायचं. पोट पुढे आलेलं असताना भाता मारला, लेक झाली तेव्हा तिला मांडीवर घेऊन मारला. ती त्यातच झोपायची. तिला वेगळा पाळणा लागला नाही.

मग संप आला, गिरणी गेली, नाटकं गेली. सगळं एकदम नाही गेलं. थोडं थोडं गेलं, त्यामुळे नक्की कुठल्या दिवशी गेलं ते सांगता येत नाही. लालबागची खोली सुटली, आम्ही मरोळला आलो. तिथे कारखान्यांची वसाहत आहे, त्यात मला औषधाच्या बाटल्या भरायच्या कामावर घेतलं. दिवसभर उभं राहायचं. बसलीस की घरी जा, असं मुकादम म्हणायची. गुडघे तिथे गेले माझे. हे घरी. गिरणीचा कापूस छातीत बसला होता, दोन वाक्यं बोलले की थांबायचे. भांडी विकली, मंगळसूत्र विकलं, खोलीचा पत्रा गळायचा तिथे बादली ठेवली. एकदा लाकूडवाला आला पेटी बघायला. हे म्हणाले, देऊन टाक, जागा तरी होईल. मी म्हटलं, मग धान्याचे डबे कुठे ठेवू? पेटीवर डबे होते माझे. लाकूडवाला गेला.

सुट्टीच्या दिवशी डबे उतरवायचे, मी पाय मारायचा, ह्यांनी वाजवायचं. शेवटी शेवटी बोटं पण दमायची. हे गेले तेव्हा डबे वर होते. ते तसेच राहिले.

लेक इस्पितळात आयाचं काम करत करत शिकली, नर्स झाली. तिची मुलगी, माझी नात, अंधेरीला ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. ती लहान असताना आमच्या मरोळच्या गावठाणात एक बाई पियानो शिकवायच्या, तिथे लेकीने तिला घातली. गावठाणात जुन्या ख्रिस्ती लोकांची घरं आहेत, कौलारू, पुढे पडवी. त्यातच एक अंकल राहतात. ट्रम्पेट वाजवतात. लग्नात वाजवलं, मयताला वाजवलं, सिनेमाच्या स्टुडिओत वाजवलं. वयाने माझ्याहून थोडेच लहान, पण मला ताई म्हणतात. त्यांच्या पडवीत शनिवारी ही मुलं जमायची, माझी नात, एक ड्रमवाला, आणि माणसाएवढं व्हायोलिन उभं धरून बोटांनी वाजवणारा एक. हे जॅझ, असं नात म्हणायची. मला वाटायचं वाजवण्याची तयारी चाललीय, अजून सुरू व्हायचंय. ते संपून जायचं तरी मला वाटायचं, अजून सुरू व्हायचंय.

एक दिवस नातीने पेटीवरचे डबे खाली ठेवले. म्हणाली, "आजी, आबांची गाणी आम्ही वाजवली तर?"

गाणी तिला ठाऊक होती. माझ्या लेकीने तिला तीच म्हणून झोपवलेली. कुठे लिहिलेली नव्हती, कुठे तबकडी निघालेली नव्हती, पण आमच्या घरात अंगाईच्या जागी तीच होती. मी म्हटलं वाजवा. त्यात विचारायचं काय.

पेटी दुरुस्त करणारा आला. त्याने उघडली तर आत उंदरांनी भात्याचं चामडं खाल्लेलं. ते नवीन घातलं. मग तो खाली वाकून म्हणाला, हिच्या फळ्या कुठे आहेत? हा दांडा कोणी लावला? त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, आता कशाला हे, मी मोटर बसवून देतो, बटण दाबलं की वारा. त्याने बसवून पण दाखवली. सोसायटीच्या पाण्याचा पंप लागल्यासारखा आवाज. आणि वारा सगळा एकसारखा. नातीने वाजवून बघितलं, तोंड जरा पडलं तिचं, पण म्हणाली, चालेल.

मी म्हटलं, "मी काय मेलेय?"

लेक म्हणाली, "आई, गुडघ्याचा एक्स-रे तुझ्यासमोर दाखवला डॉक्टरांनी. हाडाला हाड लागतंय. ह्या वयात पेटी मारणार तू?"

"ह्या वयात दुसरं काय मारू?"

नात हसली. लेक हसली नाही. शेवटी ठरलं की बघूया. पेटी टेम्पोत घालून गावठाणात अंकलच्या पडवीत नेली, आणि मी स्टुलावर बसले.

पहिलं घेतलं ते गिरणी कामगाराच्या बायकोचं गाणं. त्या नाटकात नवरा संपात पुढे असतो, दिवसपाळी सुटते, सगळ्यांचे नवरे घरी येतात, हिचा येत नाही. ती दिवा लावते आणि म्हणते, भोंगा झाला, पाऊल वाजेना. मग शेवटी दिवा बारीक करते आणि आत जाते. आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं ते.

ड्रमवाल्याने काठ्या ठेवून तारांचा कुंचला घेतला आणि पोळीवर तूप लावावं तसा ड्रम पुसायला लागला. अंकलनी ट्रम्पेटच्या तोंडाला वाटी लावली, म्हणजे आवाज लांबून आल्यासारखा येतो. मला वाटलं, झालं, ह्यांनी वाट लावली गाण्याची. कुठे आहे चाल? पण माझा पाय चालायला लागला होता. पायाला कळलं होतं. दुसऱ्या ओळीला, पाऊल वाजेनापाशी, जोर कमी करून एकदम द्यायचा असतो. तो दिला, आणि नातीची पेटी अशी उठली की अंकलनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी खालमानेने पाय मारत राहिले.

मग गाणं संपलं. बाई दिवा बारीक करून आत गेली. माझा पाय थांबला.

पेटी मेली. बाकीचे वाजवतच होते, ते एकेक करून थांबले.

"आजी, संपलं नाही," नात म्हणाली.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा दिवा बारीक झाला, पुन्हा पाय थांबला. पुन्हा. मी मनाशी म्हणत होते, ह्या वेळी थांबायचं नाही, पण ते मनाला. पायाला कोण सांगणार? एवढी वर्षं तिथे थांबलेला पाय. तिथे न थांबता पुढे मारला असता तर नाटकात स्टेजवर बोलणं सुरू झालेलं असायचं आणि पेटी मध्येच भोकाड पसरल्यासारखी वाजली असती. थांबणं हेच काम होतं तिथे.

अंकल म्हणाले, "ताई, तुम्ही थांबलात की माझी वाट लागते. मी वर चढलेलो असतो, खालून शिडीच काढता तुम्ही."

मला राग आला. मी म्हटलं, "गाणं संपलं. बाई आत गेली. आता कोणासाठी वाजवताय?"

त्यांनी समजावलं. आधी गाणं जसं आहे तसं वाजवायचं. मग त्याच्याच अंगणात एकेकाने आपल्या मनाचं वाजवायचं, जे त्या वेळी येईल ते. आणि शेवटी सगळ्यांनी मिळून परत गाण्यावर यायचं. मी म्हटलं, म्हणजे जेवण झाल्यावर पानाला चुना लावत गप्पा. अंकल म्हणाले, बरोब्बर. पण कळलं म्हणून पाय ऐकतो असं नाही. पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. इतर गाण्यांतही तेच, जिथे नटाची एक्झिट तिथे माझा पाय मेला.

पार्ल्याला ह्या गाण्यांच्या कार्यक्रमासाठी हॉल घेतलेला होता. लोकांना सांगून झालं होतं. नातीने मला काही म्हटलं नाही, ती म्हणणारी नाही. लेकीने सांगितलं, भाजी निवडताना, माझ्याकडे न बघता. मोटर परत आणली आहे. तू पुढच्या रांगेत बस, आम्ही तुझ्या हातात गुच्छ देऊ. आबांचं नाव पण सांगणार आहेत माईकवर.

मी भाजी निवडत राहिले. गुच्छ घेऊन पुढे बसणारी बाई मी कधी नव्हते. ह्यांच्या गाण्यांत माझी एकच जागा होती, ती स्टुलावरची. ती मोटरला गेली तर माझ्याकडे त्या गाण्यांतलं काही उरत नव्हतं. हे मी लेकीला सांगितलं नाही. मी एवढंच म्हटलं, अजून एक तालीम आहे ना? तिथपर्यंत मोटर खोक्यात राहू दे.

मग मी घरी पाट उलटा करून त्यावर पाय ठेवून बसायची. दुपारी, कोणी नसताना. मनात गाणं म्हणायची आणि पाय मारायची. दिवा बारीक झाला की थांबायचा. तशीच बसायची मग. आणि एका दुपारी असं झालं की पाय थांबला आणि मला समोर विंग दिसली. आमची विंग. पडदे, ट्रंका, दोरीवर वाळत टाकलेले सदरे, आणि स्टेजवरून आत येणारी ती बाई.

ती नटी म्हणजे गिरणीतल्या वाइंडिंग खात्यातली, सूत गुंडाळणारी कामगारच. गाणं म्हणून ती माझ्याच बाजूने आत यायची. लोकांना वाटायचं ती आत गेली, संपलं. मला दिसायचं संपलेलं नाही. एका प्रयोगाला ती आत आली आणि ट्रंकेवर बसून पोराला पाजायला घेतलं. तोंडाला रंग, डोळ्यांतलं काजळ ओघळलेलं, बाहेर लोक डोळे पुसतायत आणि ही पोराच्या पाठीवर थापट्या मारतेय. एका प्रयोगाला ती हसत आली, कारण पहिल्या रांगेतल्या कोणीतरी मोठ्याने नाक शिंकरलं होतं, आणि हसू दाबायला तिने खलनायकाच्या पाठीत गुद्दे घातले. आणि संप चालू असताना एक प्रयोग झाला. त्या दिवशी ती आत आली आणि मागच्या पडद्याला तोंड लावून उभी राहिली. पुढच्या एन्ट्रीपर्यंत हलली नाही. तिचा खरा नवरा घरी आलेला नव्हता. कोणी तिला हात लावला नाही. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होते.

आणि हे दिसताना अजून एक आठवलं. ह्यांची बोटं. गाणं संपून माझा पाय थांबलेला असायचा, स्टेजवर संवाद सुरू झालेले असायचे, आणि ह्यांची बोटं पेटीवर चाललेली असायची. वारा नाही, त्यामुळे सूर नाही. नुसती पट्ट्यांची टकटक, लाकडावर नखं वाजावीत तशी. हे मान वळवून तिच्याकडे बघायचे, त्या दिवशी पडद्याला तोंड लावून उभ्या बाईकडेही, आणि वाजवायचे. मी कधी विचारलं नाही काय वाजवताय. मला वाटायचं सवय आहे.

काय वाजवायचे ते कोणी ऐकलं नाही. मी पण नाही. ऐकू येण्याची सोयच नव्हती, पुढे नाटक चालू होतं.

शेवटच्या तालमीला मी अंकलच्या पडवीत स्टुलावर बसले आणि म्हटलं, आधी माझं ऐका. मला असं चार माणसांत बोलायची सवय नाही. पण सांगितलं. त्या बाईचं सांगितलं, तिन्ही प्रयोगांचं. ह्यांच्या बोटांचं सांगितलं. नात पेटीच्या पट्ट्यांवरून हात फिरवत होती, वारा नसताना, टकटक करून बघत होती. तो मोठ्या व्हायोलिनवाला पोरगा चष्मा पुसत बसला.

 मग अंकल ट्रम्पेटमधली थुंकी झटकून म्हणाले, "मग ताई, आज कुठली बाई? पाजणारी, गुद्दे मारणारी, की ती तिसरी?"

मी म्हटलं, "तिसरी."

सुरू झालं. दिवा लागला, भोंगा झाला, पाऊल वाजलं नाही. दिवा बारीक झाला. आणि मी तिच्या मागोमाग विंगेत गेले. ती पडद्याला तोंड लावून उभी राहिली आणि अंकल वाजवायला लागले. काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही. एक सूर धरून ठेवला, खूप वेळ, मग तो जरासा कापला. ड्रमवाल्याने कुंचला पण उचलला नाही, बोटांनीच काहीतरी केलं. मी बघत होते ती हलतेय का. ती हलली नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग ते सगळे मिळून परत गाण्यावर आले, आणि मला कळलं की माझा पाय सगळा वेळ चालू होता.

नातीने उठून ते मोटरचं खोकं पडवीच्या खाली नेऊन ठेवलं.

लेक मात्र शेवटपर्यंत म्हणत होती, आई, हट्ट करतेस तू. मी म्हटलं हो.

पार्ल्याचा हॉल भरला होता. आमच्या वेळची बरीच माणसं होती, कोणी काठी घेऊन, कोणी सुनेचा हात धरून. कामगारांच्या नाटकाची गाणी म्हणून आलेली. स्टेजवर ड्रम बघून एक आजोबा बाजूच्याला म्हणाले, "हे काय, लग्नाचा बँड बोलावलाय की काय?" मला ऐकू आलं, कारण ह्या वेळी मी विंगेत नव्हते. नातीने पेटी स्टेजच्या पुढच्या बाजूला ठेवून घेतली होती आणि माझं स्टूल असं ठेवलं होतं की माझं तोंड लोकांकडे. आयुष्यात पहिल्यांदा मी प्रेक्षक बघितले. एवढे असतात, हे मला माहीत नव्हतं. आवाजावरून कमी वाटायचे.

आधी खानावळवाल्या बाईचं गमतीचं गाणं झालं. लोक जरा बावरले, मग कुठेतरी चाल सापडल्यावर एकेकाचं डोकं हलायला लागलं. आपलंच माणूस वेगळ्या कपड्यात भेटल्यासारखं त्यांचं झालं असणार, माझं झालं होतं तसं. मग ते गाणं आलं. सुरू करण्याआधी अंकल माझ्या बाजूला वाकले आणि विचारलं कुठली. मी म्हटलं, हसणारी. त्यांना वाटलं नव्हतं. भुवया वर गेल्या त्यांच्या.

दिवा बारीक झाला आणि बाई विंगेत आली ती हसू दाबत. अंकलनी ट्रम्पेटची वाटी काढून फेकली आणि असे गुद्दे घातले की त्या काठीवाल्या आजोबांनी काठी आपटली. लोक हसायला लागले, रडायच्या गाण्यात. व्हायोलिनवाल्याची पाळी झाली, ड्रमवाल्याची झाली. मग नातीची आली, आणि तिने मान हलवून बाकीच्या सगळ्यांना थांबवलं.

हे ठरलेलं नव्हतं. आता स्टेजवर दोघीच. तिची बोटं आणि माझा पाय.

ती हळू वाजवायला लागली. मी वारा कमी केला, ती आणखी हळू गेली. मी थोडा दिला, ती तेवढी वर आली. गुडघ्यात आग पडली होती. हाडाला हाड लागतं ते काय, हे मला तेव्हा कळलं. पुढच्या रांगेत लेक बसली होती, ती हाताने खुणा करत होती, पुरे, पुरे. मी तिच्याकडे बघणं सोडून दिलं. फिटरने लावलेला तो दांडा गरम झाल्यासारखा वाटत होता. मी मनात म्हटलं, आता मी ठरवते. आणि पूर्ण ताकदीने फळी दाबली. नातीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि दोन्ही हात पसरून वाजवलं. एवढा मोठा आवाज त्या पेटीतून मी कधी काढू दिला नव्हता. नाटकात पेटीने नटाच्या खाली राहायचं असतं. इथे खाली राहायला कोणी नट नव्हता. ह्यांना छातीत दम नव्हता तेव्हा जे हळू हळू वाजायचं, तेच हे, पण हॉलच्या छताला लागलेलं.

ते संपलं. टाळ्या आल्या. त्यातून त्या काठीवाल्या आजोबांचा आवाज आला.

"वन्स मोअर!"

आमच्या नाटकांत ही रीत होती. लोकांनी वन्स मोअर म्हटलं की नटाने मागे फिरायचं आणि गाणं पुन्हा म्हणायचं. मग तो मेलेला असो. एकदा आमचा नायक गोळी लागून पडला होता, तो उठून परत गायला आणि परत पडला. ह्या मुलांना हे ठाऊक नव्हतं. ड्रमवाला पुढच्या गाण्याची तयारी करत होता. पण हॉलभर म्हातारी माणसं एका सुरात तेच म्हणत राहिली, बसल्या जागी काठ्या वाजवत.

नातीने खाली वाकून माझा गुडघा बघितला. साडीवरून पण सुजलेला दिसत होता. म्हणाली, "आजी, नको. मी त्यांना समजावते."

मी म्हटलं, "वन्स मोअरला कोणी समजावत नाही. लाव."

पुन्हा घेतलं. अंकलनी ह्या वेळी विचारलं नाही, त्यांनी आपल्या मनाने एक चौथीच बाई आणली, मी कधी न बघितलेली. ती काय करत होती ते मी नीट ऐकलं. चांगली होती. पाय कुठे थांबला नाही.

मला खुर्चीत बसवून पायऱ्या उतरवल्या, एका बाजूने ड्रमवाला, एका बाजूने व्हायोलिनवाला. लोक ह्यांचं नाव घेऊन येऊन पाया पडत होते. काठीवाले आजोबा म्हणाले, ते गाणं मी तेव्हा ऐकलंय, गिरणीच्या आवारात, पण पेटीकडे कधी लक्ष गेलं नव्हतं. मी म्हटलं, जायला नकोच होतं तेव्हा.

आठवडाभर मी खाटेवर होते. लेक सकाळ संध्याकाळ बर्फ लावायची आणि बोलायची नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बर्फ लावता लावता ती गुणगुणत होती, आणि दिवा बारीक झाल्यावरही तिने गुणगुणणं थांबवलं नाही, पुढे काहीतरी आपल्या मनाचंच जोडत गेली. मी डोळे मिटून पडून राहिले, तिला थांबवलं नाही.

मग मुलुंडच्या एका हॉलवाल्यांचा फोन आला, हाच कार्यक्रम तिथे कराल का म्हणून. नात दारात उभी राहून लेकीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत होती. लेक बर्फाची पिशवी घेऊन उठली आणि म्हणाली, मला काय विचारतेस, तिला विचार.

मी म्हटलं, स्टूल जरा उंच घ्या.